माका आणि म्हाका

आरोंद्याच्या खाडीकाठी, रुईच्या झुडपांत,
नऊच्या आत जाळं टाकायचं;
ऊन चढलं की ती हाताला लागत नाहीत.
सुलक्षणा चिमट्याने एकच पाय काढून घेते
आणि बोटं उघडते.
पाच पायांचं फुलपाखरू खुळखुळ्यावर जाऊन बसतं,
काही झालंच नाही असं.
माझं काम कुपीवर लिहायचं:
तारीख, काठ, रेघा आहेत की नाहीत.

अलीकडे रेघांची जास्त,
पलीकडे किरणपाण्याला बिनरेघांची.
मधलं पाणी हाक पोचेल एवढंच.
जातात, येतात, जमतात.
काल एक सापडलं, रेघा अर्ध्यावर सोडलेलं,
पाटीवर लिहिता लिहिता कुणी उठून गेल्यासारखं.
“मादी आहे,” ती म्हणाली, “हिला अंडी होतील असं वाटत नाही.
भाऊ असतील तर त्यांचं जमेल.”
मी रकान्यात लिहिलं: मधली.

म्हणजे पिढ्यानपिढ्या सगळं इकडचं तिकडे होतं,
पोटातलं, पायातलं, डोळ्यातलं.
अडतं ते थोडंच:
पंखावरची शाई,
आणि खुळखुळ्यातून नराने उचललेला तो वास,
ज्यावरून ती ठरवते, हा आपला की नाही.
तेवढं चुकलं की कुणी जवळ येत नाही.

मी म्हटलं, बाबा हेच सांगायचे,
ताईने पलीकडे लग्न केलं तेव्हा.
सुलक्षणाने चिमटा खाली ठेवला.
“माणसाची जात एकच. सगळ्यांची मिळून एक.
फुलपाखरांच्या आड लपू देऊ नकोस त्यांना.”
मग बराच वेळ कुप्यांची झाकणंच वाजत होती.

इनास वल्हवताना आईशी फोनवर बोलतो.
ती पालयेची. तिच्याशी म्हाका,
फोन ठेवला की आमच्याशी माका.
याच होडीतून शब्द ये-जा करतात,
मासळीची नावं, शिव्या, उधारी,
ताईच्या मुलाचं बडबडगीतसुद्धा.
एवढा ह तेवढा
धक्क्याला लागला की उतरून राहतो.
कुणी अडवत नाही त्याला. वजन तरी किती,
एक श्वास.
ताईचा मुलगा दोन्ही म्हणतो,
कधी एकाच वाक्यात,
आणि दोन्हीकडे त्याला जेवायला मिळतं.

आज परतताना, ऐन मध्यावर,
एक येऊन बसलं होडीवर.
पाच पाय. आमच्यापैकीच कुठलंतरी,
कुठल्या दिवसाचं, कुठून निघालेलं, कळेना.
इनासने वल्हं पाण्याबाहेर धरलं.
थेंब पडत राहिले.
“लिही,” सुलक्षणा हळूच म्हणाली.

तारीख लिहिली.
रेघा: आहेत.
काठ—
मी खाली पाहिलं,
ते बसलं होतं तिथे,
आणि लिहिलं: होडीचा.