बारीक मोहरी

दत्तवाडीच्या मनपा शाळेत, पहिली ब च्या वर्गात,
दुसऱ्या शनिवारी चार वाजता आम्ही बसतो.
बाकं सहा वर्षांच्या पोरांच्या मापाची.
गुडघे पोटाशी येतात,
म्हणून सगळेच जरा घाबरल्यासारखे दिसतो.
फळ्यावर पाढा, बे आठी सोळापर्यंत शाबूत,
पुढचं कुणाच्या तरी बाहीनं पुसलेलं.

पहिल्यांदा आलो तो हिला सोडायला.
ढमढेरेबाई म्हणाल्या, चप्पल काढा नि आत या,
दारात उभं राहून पहारा कसला देताय?

मार्केट यार्डात माझा भुसारचा गाळा.
पोती, हमाल, काटा, यांच्याशी बरं जमतं.
केमोच्या आठ फेऱ्या मी चोपडीत मांडल्या:
तारीख, पांढऱ्या पेशी, रिक्षा, शहाळी,
ओकाऱ्या (उभ्या रेघा, पाचवी आडवी).
रिपोर्ट चांगला आला. गाळ्यावर पेढे वाटले.
त्या रात्रीपासून तीनला जाग येते
आणि मी हिच्या नाकाखाली बोट धरतो.

हे कुणाला सांगितलेलं नव्हतं.
विचारतात ते हिचं विचारतात.
वहिनी कशा आहेत? उत्तम.
दोन वर्षं हाच भाव लावून ठेवलाय.

वर्गात ज्याला बोलायचंय तो बोलतो.
इक्बाल बागवानांची अर्धी जीभ काढलीय,
ते पाटीवर लिहितात.
राग आला की अक्षर बारीक होत जातं.
पासलकरांची सून एकदा म्हणाली,
सासूबाई गेल्या तर मला झोप तरी लागेल,
आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.
असं बोलू नये, असं कुणी म्हणालं नाही.
ढमढेरेबाईंनी थर्मासचं झाकण फिरवलं,
चहा ओतला, विचारलं, साखर किती?
दोन, ती म्हणाली.
एवढंच.
येताना म्हात्रे पुलावर मी स्कूटर थांबवली.
हिला म्हणालो, प्लगमध्ये कचरा आलाय.
कचरा नव्हता.

दिवाळीनंतर बायकांनी शिवायला घेतलं.
विकतचं मिळतं ते महाग, उन्हात भाजतं, म्हणे.
मऊ जुन्या धोतराच्या गोल पिशव्या,
आत मोहरी. कुणाच्या तरी मावशीची युक्ती.
पण वजन जमेना, एक खांदा खाली राही.
ढमढेरेबाई माझ्याकडे वळल्या:
तुमचा धंदा काय म्हणालात?

पुढच्या वेळी काटा नेला, केशर तोलायचा.
मोहरी बारीक, दोनदा पाखडलेली,
एक खडा राहता कामा नये.
एकेक बाई यायची, आकडा हळूच सांगून जायची.
दोनशे दहा. तीनशे चाळीस.
बागवान पाटीवर नुसते आकडे लिहीत गेले, नावं नाहीत.
छत्तीस वर्षं तोलतोय,
इतकं हळू कधी ओतलं नव्हतं.

ही शेवटी आली. आकडा सांगेना.
मला वाटलं, आपल्याला ठाऊक असणारच.
ओतलं, आणि हात मध्येच थांबला.
जास्त झालं, ती म्हणाली. काढा. अजून थोडी. हं, आता राहू द्या.
पंचवीस ग्रॅमनी चुकलो होतो.
पिशवीचं तोंड आवळता आवळता,
सगळ्यांच्या देखत, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली:
रात्री बोट धरता ना, तेव्हा मी जागीच असते.
श्वास मुद्दाम मोठा घेते.
म्हटलं, यांना तरी झोप लागू दे.

बाकावर मोहरी सांडली होती.
मी एकेक दाणा वेचत बसलो,
मान वर करणं शक्यच नव्हतं.
शिपाई किल्ल्या वाजवून गेला. कुणी उठलं नाही.
मग नाकासमोर पाटी आली,
अक्षर मोठं, जरा वाकडं:
साखर किती?

मला मधुमेह आहे.
दोन, म्हणालो.