हजेरी

दांडिया बाजारातल्या आमच्या शाळेत
पाचवी ब म्हणजे त्रेचाळीस नावं.
सतरावं, अनघ शिर्के.
मी पुकारते. तो काही म्हणत नाही.
पंख्याकडे बघतो,
तिसऱ्या, किरकिरणाऱ्या.

जूनमध्ये मी त्याची हनुवटी धरली होती,
"बोलताना माझ्या डोळ्यांत बघ रे."
त्यानं बघितलं,
आणि कानांवर तळवे दाबून बाकाखाली गेला
तो मधल्या सुट्टीपर्यंत.
ती हनुवटी अजून माझ्या बोटांत आहे.
खडू धरला की आठवते.

प्रशिक्षणात मिळालेली पुस्तिका चांगली होती,
गुळगुळीत कागद, हसरी मुलं.
पंख्याचं त्यात काही नव्हतं.
शेवटी जशुभाई स्टुलावर चढले,
शिवणयंत्राच्या तेलाचे चार थेंब सोडले
आणि उतरता उतरता म्हणाले,
"बेन, मलाही त्रास व्हायचा याचा.
अठरा वर्षं.
कोणी विचारलंच नाही."

घंटेआधी दोन मिनिटं
हेतवी त्याच्या वहीवर बोट टेकवते.
वहीवर. त्याच्यावर नाही.
हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही.
मी तर नाहीच.

चिंचोक्याची युक्ती झुबेरची.
त्याच्या खिशात ते असतातच, धुतलेले, न धुतलेले.
"बाई, त्याला बोलायचं नसेल तर
हा टेबलावर ठेवू दे ना. झालं."
झालं.
रोज एक चिंचोका, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात,
कडेपासून नेमका दोन बोटं आत.
काही दिवस तोही नसतो.
त्या दिवशी मी थांबते, पेन उघडं ठेवून.

उत्तरायण संपल्यावरच्या सकाळी
अर्धा वर्ग मांज्यानं चिरलेली बोटं घेऊन आला,
अर्धा आलाच नाही.
टेबलावर पाहिलं तर चिंचोक्यांच्या रांगा,
बाकांच्या क्रमानं,
न आलेल्यांच्या जागा मोकळ्या.
बावीस मोजले.
मुलं एकवीस.
पुन्हा मोजले. बावीसच.
एक जरा बाजूला, माझ्या खुर्चीशी.

"हा कोणाचा रे?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं,
मग माझ्या हजेरीपटाकडे,
त्याच्या बाजूनं उलट्या दिसणाऱ्या त्या नावांकडे,
आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवून म्हणाला,
"ह्यात तुमचं नाव नाही."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, होत नव्हती.
मी पेन उघडलं.
सतराव्या नावापाशी आले, पुकारलं.

तो काही म्हणाला नाही.