टंच

विट्यात, स्टँडच्या मागं, माझ्या दुकानात
जुलैला रांग लागते ती
उत्पन्नाच्या दाखल्याची, नॉन-क्रिमीलेअरची
आणि कॉम्प्युटर ब्रँचची.
पोरं उभी असतात, बाप खुर्चीत.
बाप म्हणतो, आयटी.
मी म्हणतो, बरं, कुठलं कॉलेज?
बाप म्हणतो, आयटीच.
मग मी कोड टाकत जातो एकाखाली एक,
भाजीवाल्यानं पिशवीत वरून कोथिंबीर टाकावी तसा,
आणि ती पिशवी पोरगं
चार वर्षं खांद्याला लावून फिरतं.

सगळे कोड मला तोंडपाठ आहेत.
ज्या कॉलेजात माझा डिप्लोमा
दुसऱ्या वर्षाला सुटला, त्याचासुद्धा.

स्नेहांकिता शितोळे एकटीच आली.
वडील सेलमला, गलाईच्या दुकानात.
किती पडले, विचारलं.
"एक्याण्णव पॉइंट सहा."
मग स्वतःशीच हसली,
"पप्पा म्हणाले, नऊशे सोळा म्हंजे बावीस कॅरेट हाय,
दागिना हुतोय."

पिशवीतनं तिनं दुरेघी वही काढली.
मी यादी मागितली होती;
तिनं वाचायला दिलं ते असं:

काचेची बिल्डिंग. कारंजं चालू.
मंगळवार, दुपारी तीन, लॅबला कुलूप.
शिपाई म्हणाला, सर आले की उघडतो.
सर कधी येतात हे त्याला ठाऊक नाही.

हायवेच्या कडेचं. बोर्डावर शंभर टक्के नोकरी.
बोर्डावरचे फोटो मोजले, चोवीस.
वर्गात साठ.
बाकीचे छत्तीस कुठं गेले, विचारलं.
मॅडमनी सरबत मागवलं.

सांगलीकडचं. हळदीच्या गोदामांपुढं उतरायचं,
घरी येईपर्यंत ओढणीला वास.
कँटीन पत्र्याची. मशिनी जुन्या.
संध्याकाळी सातला पण लॅब उघडी.
एक मुलगी कीबोर्डवर डोकं टेकून रडत होती,
प्रोग्राम चालेना म्हणून.
शेजारची तिला म्हणाली,
रड नंतर, आधी सतरावी ओळ बघ.

"रडणारं कॉलेज एक नंबरला टाकू?"
"टाका. हितं काहीतरी हुतंय तरी."

आता सांगायला हरकत नाही,
काचेच्या बिल्डिंगचं कॅलेंडर
माझ्या डोक्यामागं लटकतं.
दर ॲडमिशनला दिवाळीत पाकीट येतं.
मी म्हणालो, एक नंबरला पुढं हे टाकूया का,
होस्टेल चांगलं आहे म्हणतात.
तिनं कॅलेंडर बघितलं.
मग माझ्याकडं बघितलं, जरा वेळ,
तिचे वडील भट्टीतला रवा चिमट्यानं उचलून
उजेडात धरून बघत असतील, तसं.
बोलली काही नाही.
मी सांगलीचा कोड टाइप केला.

चार वाजून एक्केचाळीस. पाचला साइट बंद.
ओटीपी गेला सेलमला.
रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.
भट्टीचा आवाज, कुणाचं तरी तमीळ,
मग, "थांब गं अंकू, हाताला ॲसिड हाय."
नळाचं पाणी बराच वेळ ऐकू आलं.
मागची रांग गप्प झाली होती.

वजन सांगावं तसा त्यांनी एकेक आकडा सांगितला,
चार. शून्य. शून्य.
नऊ.
"काच फुटल्याय मोबाईलची... सात... का एक?"
"नीट बघा पप्पा."
"एक. एकच हाय."

प्रिंट निघाली, गरम.
तिनं ती वहीत घातली, तीस रुपये मोजून दिले,
वीसच घेतले मी. का, ते विचारू नका.
सीट लागेल का नाही, अजून दहा दिवस आहेत.

पुढचा बाप खुर्चीत बसला.
"आयटी," म्हणाला.
मी म्हणालो, लॅब बघून आलाय का?
तो माझ्या डोक्यामागं
कॅलेंडरकडं बघत राहिला.