विरजण

पहिल्या दिवशी मला मिळालं:
पोलादी टोकाचे बूट, अर्धा नंबर मोठे,
लस टोचल्याचं कार्ड,
छातीशी अडकवायचं, वायू हुंगणारं पिवळं यंत्र,
आणि क्लाइव्ह सायक्स.
बासष्टीचा. शब्द मोजून खर्चणारा.
"वासाची सवय होते," म्हणाला,
"माझ्या विनोदांची होत नाही."

एकेचाळिसाव्या वर्षी शिकाऊ.
सोबतचा कॅलम एकोणीसचा,
त्याला अजून दाढी धड फुटलेली नाही.
मी नऊ वर्षं गोदामात लोकांचे खोके चिकटपट्टीनं बंद केले,
आता उघडं पडलेलं बघायला आले.

हडर्सफील्ड आमच्याकडे उतारानं येतं,
टेकड्यांवरून, नदीच्या कडेकडेनं, जमिनीखालून.
जाळीला अडकतात ओले रुमाल, मक्याचे दाणे,
एकदा कवळी,
एकदा हिरवा डायनोसॉर, ज्याच्यासाठी
नक्की कुणीतरी रडलं असेल.
आलेखावर सकाळचा उंचवटा चढला
की क्लाइव्ह त्यावर बोट ठेवतो: "उठलं गाव."
मी मनात हिशेब करते. आमचं घर वर, लिंडलीला.
सहाला मोरीत ओतलेलं तांदळाचं धुवण
आत्ता माझ्या पायाखालून जात असेल,
मागोमाग ईशानच्या अंघोळीचं.
साबण लावला का त्यानं आज?
पाणी सांगत नाही.

मग ती लांबलचक टाकी, तपकिरी, खदखदणारी.
"ही जिवंत आहे. हवा द्यायची, खायला द्यायचं,
आणि कालच्यातलं थोडं काढून आज परत घालायचं."
त्यांच्याकडे याला तीन शब्दांचं नाव आहे.
मी म्हटलं, आमच्याकडे एकच. विरजण.
त्यानं वहीत लिहून घेतला, स्वतःच्या स्पेलिंगनं,
आणि दुसऱ्या दिवशी कॅलमला शिकवला, चुकीचा.

आईला फोनवर सांगितलं होतं, पाणी खात्यात लागले.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं.
"कुठलं पाणी?"
सांगितलं.
बराच वेळ तिकडच्या पंख्याचा आवाज.
"हात घालावा लागतो?"
"हातमोजे असतात, आई."
"आपल्या बोळात यायचा तो.
गटारात उतरायचा, अंगात नुसती चड्डी.
वर आला की मी पाणी ओतायचे. लांबून.
पैसे पायरीवर ठेवायचे.
काय गं नाव त्याचं?"
मला कुठलं माहीत.
मी तर खिडकी लावून घ्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात क्लाइव्ह विहिरीत उतरणार होता,
पंपात काहीतरी अडकलं होतं.
आधी परवाना. सहा पानं.
तिवई, पट्टे, दोर, हवा मोजल्याची वेळ.
तो चष्मा पुसून एकेक रकाना मोठ्यानं वाचतो.
उतरणाऱ्याचं पूर्ण नाव: क्लाइव्ह रेमंड सायक्स.
वर थांबणारे: दोघंजण. पहिला जुना, जाणता.
दुसरी मी. मृदुला अनंत सबनीस,
बापाच्या नावासकट, ठळक अक्षरात.
खाली एक ओळ रिकामी उरली.
क्लाइव्ह तिच्यावर तिरकी रेघ मारायला लागला.
"थांब जरा," म्हटलं.
का, ते सांगता येईना.
पेन क्षणभर तसंच राहिलं.
मग त्यानं रेघ मारली. नियम आहे.

तो वर आला तेव्हा नळी मीच धरली.
गुडघे टेकून त्याचे बूट धुतले,
टाचांच्या खाचांसकट.
"चहा तुझ्याकडून," तो म्हणाला.

दुपारी काचेच्या उंच भांड्यात टाकीतलं लिटरभर भरून
मी घड्याळ लावलं. तीस मिनिटं.
टेबलाला धक्का लावायचा नाही.
गाळ खाली खाली बसतो आपल्या वेळेनं,
वर पाणी निवळत येतं.
अकराव्या मिनिटाला आईचा निरोप आला:
'समोरच्या नलूला विचारलं. तिला पण आठवत नाही.
उद्या कुरियरवाल्या जोशींना विचारते.'
मी वहीत आकडा लिहिला.
अजून एकोणीस मिनिटं होती.