अडतीस

गजभिये सर, काल तुम्ही कुंपणावरून विचारलंत,
"तो डबा परवडते का हो, निखारे?"
मी "पाहू" म्हणून आत गेलो.
एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या घरचे आकडे
वहीत उतरवलेला माणूस
असं उभ्या उभ्या उत्तर देत नाही.

डबा एवढासाच, साबणाच्या वडीहून थोडा मोठा.
वीज कंपनीचा पोरगा आला, प्रज्वल बावनकर,
खिळा ठोकताना चुन्याचा पोपडा पाडला,
वर म्हणाला, "काका, पंधरा टक्के बिल कमी. लिहून घ्या."
किंमत दोन हजार तीनशे चाळीस,
बारा हप्ते, बिलातच जोडून.
म्हणजे बिल उतरवायला आलेला पाहुणा
पहिल्या दिवसापासून बिलातच जेवायला बसला.

हिरवा दिवा, पिवळा दिवा, लाल दिवा.
मे महिना, शेहेचाळीसचा पारा,
कूलर लावला की लाल.
मी पंप बंद केला. मग पंखा तीनवरून एकवर.
खस वाळली, तिचा वास गेला,
मानकापूरची दुपार जाळीतून सरळ आत आली.
रत्नमाला ओला पंचा डोक्यावर घेऊन म्हणाली,
"लाल तं लाल! त्या सूर्याले लावा ना तुमचा डबा."
आणि तीन दिवस बोलली नाही.
महिनाअखेर बचत एकसष्ट रुपये,
हप्ता एकशे पंच्याण्णव.
अबोल्याचा दर मी धरला नाही.

मग एका रात्री तीनला जाग आली.
त्या रात्री पाहुणीकडे लग्न, रत्नमाला काटोलला.
कूलर बंद ठेवून मी गच्चीवर झोपलो होतो,
फ्रीजही वितळवायला उघडा टाकलेला.
पाणी प्यायला खाली आलो
तर डब्यावर अडतीस.

सर, जुन्या मीटरात एक चकती असायची,
कडेला लाल खूण.
कुलूप लावलेल्या घराच्या ओसरीत
मी ती फिरताना पाहिलीय, हळू, अगदी हळू,
आणि वहीत लिहिलंय "घर बंद".
तेव्हा कधी वाटलं नाही थांबावं, पाहावं,
आत कोण जागं आहे.

टीव्हीखालची पेटी, अकरा.
दारावरची घंटी, तीन. कोणी न वाजवताही तीन.
उरले चोवीस.
टॉर्च घेऊन पुढच्या खोलीत गेलो.
रत्नमालाचा टायपिंगचा वर्ग तिथे भरायचा,
मुली यायच्या बंद झाल्या त्याला नऊ वर्षं.
कॉम्प्युटर कधीच विकले,
टेबलाखाली यूपीएस तेवढा राहिला,
हिरवं टिकल्याएवढं डोळं उघडं ठेवून
एका मेलेल्या बॅटरीला
रात्रंदिवस चार्ज करत.
बावीस वॅट. नऊ वर्षं. सतराशे युनिट.
मी हात लावला नाही.

ती आल्यावर आकडा सांगितला, फक्त आकडा.
ती खाली वाकली, पिन ओढली,
पदराने यूपीएसवरची धूळ पुसली,
आणि म्हणाली, "चहा टाकू का?"

आता दोन उरतात.
ते दोन डब्याचे स्वतःचे.

वर्षभराने हप्ते संपतील, मग म्हणता येईल परवडला.
पण कोराडीच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात,
वारा इकडे फिरला की
वाळत घातलेल्या चादरीवर राख उतरते,
मी बोटाने ओढून पाहतो,
तो आकडा याच्यात येत नाही.

तेव्हा विकत घेऊ नका, सर.
माझाच न्या, खिळ्यावरून काढून देतो,
मीटरची चिमटीही देतो.
एका रात्रीपुरता.
सगळं बंद करा, तीन वाजेस्तोवर बसा,
जे उरेल त्याच्या मागे घरभर फिरा.
सकाळी डबा कुंपणावरून परत द्या.
काय सापडलं ते सांगू नका,
मी आता वही ठेवत नाही.