सतरा नंबर

डॉक्टर बोरस्त्यांनी माझ्या हातावर पेनाने आकडे लिहिले,
एक ते चोवीस, स्टँडवर फलाटांचे असतात तसे,
आणि प्रत्येक आकड्याशेजारी एक थेंब, एक टोचणी.
वीस मिनिटं हात हलवायचा नाही.
मी कॉलेज रोडच्या त्या गारढोण खोलीत
काचेपलीकडच्या हातगाडीवरची कलिंगडं मोजत बसले.
धूळ गप्प राहिली. झुरळ गप्प.
गाजरगवतही, ज्याच्यावर माझा पक्का संशय होता.
सतरा नंबर मात्र गांधील चावल्यासारखा फुगला.

सतरा नंबर कोण?
कडुनिंब, डॉक्टर म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

घरी हे कुणी मानेना.
निकमकाकू म्हणाल्या, अगं, निंबाने जगाचे रोग जातात,
तुलाच कसा होईल? बाटल्यांची अदलाबदल झाली असणार.
पुंडलिक काही बोलला नाही.
गॅलरीत गेला आणि झाडाकडे असा बघत राहिला
जसं शाळेतून तक्रार आल्यावर पोराकडे बघतात.
आम्ही इंदिरानगरात आलो त्या साली
कुंपणाशी कावळ्याने टाकलेल्या बीचं हे झाड.
पाणीकपातीत त्याने त्याला आंघोळीचं उरलेलं घातलंय.

तर एप्रिल आता असा:
सकाळी अकरापर्यंत खिडक्या बंद.
धुणं आत, दोरी देवघरापासून फ्रिजपर्यंत,
जेवताना ओजसच्या डोक्यावर बापाच्या शर्टाची बाही.
माठ एका हाताने भरायचा, दुसरा नाकाशी.
कूलरला वाळा नवा लावलाय, सगळे म्हणतात वास छान येतो.
मी विश्वास ठेवते.
पेटीतला आंबा पुढे करून ओजस विचारतो, पिकलाय का बघ,
हा खरं तर नाकाला विचारायचा प्रश्न,
मी अंगठ्याने उत्तर देते.

पुंडलिक सातपूरला पहिल्या पाळीला निघताना
मी शिंकले की पूर्वी तो चपला काढून दोन मिनिटं बसायचा,
घोटभर पाणी प्यायचा, मग जायचा.
आता तसं करायचं तर कंपनीच बंद पडेल.
सलग अकरा, हा माझा विक्रम,
तोही वीजमीटरवाल्यासमोर.
तो बिचारा रीडिंग विसरून पुन्हा जिन्यात गेला.

गच्चीवर काकूंच्या कुरडया, राखण माझ्याकडे.
तोंडाला ओढणी, स्कूटीवरच्या पोरींसारखी, फक्त डोळे उघडे,
तेही गळणारे.
वरून मोहोर पडतो, पांढरा, कणीएवढा, आवाज नाही.
एकेक फूल कुरडईतून नखाने काढायचं.
पाडव्याला हेच फूल गूळ-हिंगाबरोबर चावून खाल्लं होतं.
तोंडाच्या दाराने आलं तर पाहुणा,
नाकाच्या दाराने आलं तर दरोडा.

एका रविवारी पुंडलिकने महापालिकेला अर्ज लिहिला.
अक्षर त्याचं मोत्यासारखं.
'पत्नीच्या नाकाच्या कारणास्तव
सदर वृक्षाच्या फांद्या उतरविण्याची परवानगी मिळावी.'
मला वाचायला दिला. मी हसले, मग शिंकले, मग दोन्ही.

शनिवारी दुपारी वीज जाते.
कूलर शेवटचा सुस्कारा टाकतो,
आणि सगळी बिल्डिंग खुर्च्या घेऊन खाली, आमच्या भिंतीशी,
सतरा नंबरच्या सावलीत.
पेन्शनर, पत्ते, वाडग्यात पाय सोडून बसलेलं निकमांचं नातवंड.
मी आत, काचेमागे,
आमच्याच झाडाच्या कार्यक्रमाला पास नसलेली.
खिडकी वीतभर उघडून पन्ह्याचा ट्रे बाहेर सरकवला.
शिंक आलीच.
खालून पाच-सहा आवाज एकदम: शतंजीव!

अर्ज कुठे गेला विचारू नका.
कूलरचा एक पाय डुगडुगत होता, आता डुगडुगत नाही.

मे सरत आला. मोहोर संपला, हिरव्या निंबोण्या धरल्या.
आज सकाळी दोरीवरचे कपडे काढताना
कुठूनतरी वास आला.
वास! करपट, जुना, ओळखीचा.
दूध लागलंय, मी ओरडले, पुंडलिक, दूध लागलंय!
आणि गॅस बंद करायला
मुद्दाम थोडा उशीर केला.