दूध आटेपर्यंत

डॉक्टरीण सोल्वेइग म्हणाली, पहिल्या माजाआधी केलं असतं
तर पुढं स्तनात गाठी व्हायची भीती फारशी उरली नसती.
मग स्वतःच म्हणाली, पण हाडं भरायची होती तिची,
डोंगर चढणारी कुत्री, घाई नको होती.
दोन्ही वाक्यं एका श्वासात.
बिल मात्र एकच.

तर मी थांबले.
फार विचार करून नाही, नुसती थांबले.
कुंपणाच्या तारा ओढायच्या होत्या,
गवताचे गठ्ठे पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळायचे होते,
आणि पीला गोठ्याच्या दारात बसून
फ्योर्डमधल्या प्रत्येक होडीला
आपल्या बापाची जागा असल्यासारखी हाकलत होती.

जूनमध्ये ती माजावर आली.
आइसलंडात जूनला रात्र नसते,
झाकायचं म्हटलं तरी अंधार कुठून आणणार?
तीन आठवडे दाराला कडी.
पलीकडच्या थोर्लाकुरचा काउतुर
बारा किलोमीटर चालत आला
आणि पायरीवर बसून राहिला, लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखा,
भुकेला, पण मागायला लाजणारा.

थोर्लाकुर त्याला न्यायला आला, कॉफी प्यायला.
"अशी नजर शंभरात एकीला. एक वेत होऊ दे, स्टेइनुन.
मग काप."
काप म्हणाला तो. दोरी कापावी तसं.

मी काही बाळंतपणाला घाबरत नाही.
दोनशे चौदा मेंढ्या आहेत माझ्या, दर मे महिन्यात
कोपरापर्यंत हात घालून
आडवी आलेली कोकरं फिरवून काढते.
पण पीलाची आई फ्लुगा
नऊ वर्षांची असताना गेली, पिशवीत पू होऊन.
फेब्रुवारी होता. खिंड बंद.
फोनवर सोल्वेइग सांगत होती, काय करायला हवं होतं ते,
आणि फ्लुगा माझ्या बुटावर डोकं ठेवून
पाणी पीत होती, पीत होती, पीत होती.

म्हणून कॅलेंडरवर गोल काढला: ऑगस्टची सव्वीस.
सप्टेंबरात मेंढ्या उतरवायच्या,
तोवर टाके सुकतील.

वीस तारखेला डाइनियुसचा डावा हातमोजा हरवला.
लिथुआनियाहून कामाला आलाय पोरगा,
आईनं विणून दिलेली करडी जोडी,
इथल्या उन्हाळ्यातही हातातून काढत नाही.
सापडला तो वैरणीच्या मागं.
पीलानं खड्डा करून, लोकर पसरून
त्याला पोटाशी घेतलं होतं.
एकेक बोट चाटत होती.
सडांना दूध.

मी हात पुढं केला, तर माझ्यावर गुरगुरली.
माझ्यावर.
डाइनियुस म्हणाला, राहू द्या, आणि हात खिशात घातला.

सोल्वेइग म्हणाली, खोटं गाभणपण, होतं असं.
दूध असताना हात लावत नाही मी. आटू दे.
किती दिवस?
ती सांगेल.

गोल खोडला. नवा काढला नाही.
त्या सप्टेंबरात पीला दोन दिवस डोंगरावर पळाली,
चुकार मेंढ्या कड्यावरून हळू, अगदी हळू वळवल्या तिनं,
आणि संध्याकाळी लंगडत थेट वैरणीच्या मागं.
मी तिथं पाणी ठेवलं.
थोर्लाकुर बघत होता. वेताचं काही बोलला नाही.

मी रात्री विणत बसले. करडी लोकर संपलेली,
तपकिरी होती. एकच, डावा.
पीला सुयांकडं बघायची
आणि मला उगाच चोरी केल्यासारखं वाटायचं.

ऑक्टोबरच्या एका सकाळी
हातमोजा गव्हाणीजवळ पडला होता,
दवानं गोठून ताठ, पाचही बोटं पसरलेली.
पीला त्याच्यावरून पाय टाकून गेली.
मी खाली वाकून तिचं पोट चाचपलं. मऊ. कोरडं.

फोन केला.
डाइनियुसनं विचारलं, आता धुऊन घेऊ का तो?
त्याच्या एका हातात करडा, एका हातात तपकिरी.
मी म्हटलं, नको, असू दे.
कोटाच्या खिशात टाकला मी, का ते माहीत नाही.

बुधवारी खिंड उघडी होती.
गाडी मी सावकाश चालवली.